जुळवून आण

सर, तुम्ही दिलेली पांढरी टाइल आता माझ्याकडे नाही. एवढंच सांगायला बसले, पण ते नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल, आणि तुम्हाला पाल्हाळ खपत नसे. जर्नलमधला ‘उद्देश’ दोन ओळींच्या पुढे गेला की तुम्ही वही मिटून परत द्यायचात. आज वही तुमच्या हातात नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मीही या महिनाअखेर निवृत्त होते आहे. विभागप्रमुखाची खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या, ॲसिडनं भोकं पडलेला ॲप्रन, ज्याचं त्याच्या हवाली करून झालं. टाइल मात्र कॉलेजच्या रजिस्टरमध्ये नव्हती. ती माझी होती, म्हणून तिचं काय करायचं ते मलाच ठरवायचं होतं.

मी तुमच्याच विभागात शिकवायला रुजू झाले त्या दिवशी तुम्ही ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलीत. तळहाताएवढी, जाड, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. तुम्ही शिकत होतात तेव्हापासूनची ती, असं आपल्या लॅबच्या मामांनी नंतर सांगितलं. फ्लास्कखाली पांढरं काही असलं की द्रावणाचा रंग पालटलेला लगेच दिसतो, एवढाच तिचा उपयोग. तुम्ही म्हणालात, “वापरा.” पुढे काही नाही. त्याआधी इतकी वर्षं मला ‘काय गं’ म्हणणारे तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ‘वापरा’ म्हणालात आणि मला वाटलं, याहून मोठा आशीर्वाद कुठला. घरी आईला दाखवली तर ती म्हणाली, “फरशीचा तुकडा दिला व्हय सरांनी? पेन तरी द्यायचा की.” मी तिच्यावर चिडले. तिला काय कळतंय, असं वाटलं. पुढची तीस वर्षं त्या टाइलला मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आता तो दिवस. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, मला मात्र त्या दिवशीचा लॅबमधला गॅसचा वाससुद्धा आठवतो. एस.वाय.चं प्रॅक्टिकल. मोहोळच्या पलीकडच्या आमच्या गावाहून पहिली एसटी धरून मी आले आहे, भाकरीचा डबा दप्तरात तसाच आहे. वर्गात आम्ही चार मुली, बाकी सगळे मुलगे. मुलींना शेवटचं टेबल, खिडकीजवळचं. बाटलीत ॲसिड आहे, त्याची तीव्रता काढायची आहे, आणि सोडा किती लागतो ते ब्युरेटच्या काचनळीवर वाचायचं आहे. मी ब्युरेट धुते, भरते, थेंब थेंब सोडते. फ्लास्कमध्ये गुलाबी छटा येते आणि टिकते. अकरा पॉइंट चार. पुन्हा करते. अकरा पॉइंट चार. तिसऱ्यांदा अकरा पॉइंट तीन. तिन्ही जुळली म्हणून मी खूश. माझ्या टेबलावरच्या तिघींनी तोपर्यंत पुढच्या टेबलावरून आकडा आणून लिहूनही टाकला आहे. त्या मला खुणावत आहेत, मी त्यांच्याकडे बघत नाही. मी स्वतः काढलं आहे, मला कोणाचं नको आहे.

तुम्ही येता. वही बघता. खिशातलं लाल पेन काढून माझ्या तिन्ही आकड्यांवर एकच आडवी रेघ मारता. “माझं रीडिंग नऊ पॉइंट आठ आहे,” तुम्ही म्हणता. मी म्हणते, सर, तीनदा केलं. “मग तीनदा चुकलीस. डोळे तपासून घे.” पुढच्या टेबलावरचे मुलगे हसतात. “जा. जुळवून आण.” घड्याळात दहा मिनिटं उरली आहेत. दहा मिनिटांत तीन टायट्रेशन होत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी ब्युरेटला हातही लावत नाही. नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट सात, नऊ पॉइंट आठ असं लिहून वही घेऊन येते. तुम्ही सही करता, दहापैकी दहा देता आणि म्हणता, “बघ, जमलं की नाही?” खोटं कशाला लिहू, तो दहाचा आकडा बघून मला बरं वाटलं. अपमान झाला होता, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं झालं होतं. एसटीत डबा उघडून मी पोटभर जेवले.

मधलं रीडिंग नऊ पॉइंट सात लिहायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. तिन्ही अगदी सारखी आली तर खोटी वाटतील, म्हणून एक जरासं हलवायचं, एवढी अक्कल त्या दहा मिनिटांत आपोआप आली. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा दरवर्षी तीसचाळीस वह्यांमध्ये मला हीच अक्कल दिसायची. ब्युरेटची तोटी न फिरवता आलेली रीडिंग, मधलं पॉइंट एकनं कमी. अशा मुलाला आम्ही हुशार म्हणायचो. तुमच्यानंतर विभाग माझ्याकडे आला आणि पद्धत तीच राहिली. बरोबर रीडिंगची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. पॉइंट दोनपर्यंत फरक असेल तर पूर्ण मार्क, पॉइंट चार असेल तर दोन कमी, त्यापुढे भोपळा. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले की चहाच्या कपाबरोबर त्यांच्यापुढे ती चिठ्ठी जायची, आणि त्यांच्या आधी ती वर्गभर फिरून आलेली असायची. माझी शिस्त गावभर माहीत होती. माझ्या लॅबमध्ये कोणी उशिरा यायचं नाही, कोणी नखं रंगवून यायचं नाही, ॲप्रनची सगळी बटणं लावलेली असायची. आकडा तेवढा चोरीचा असायचा, आणि तो चोरीचा आहे हे मला माहीत असायचं. शिस्त मी बटणांची लावली.

तुमची शोकसभा कॉलेजच्या हॉलमध्ये झाली. सगळे तुमच्या कडकपणाबद्दल बोलले, मीही बोलले. पांढऱ्या टाइलची गोष्ट सांगितली, दोघंतिघं रडले. सभा संपल्यावर मामा दाराशी थांबले होते. तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हातात काठी होती. मला म्हणाले, “मॅडम, टाइलीचं बरं सांगितलं. सरांच्या मनात तुमचं ते लई दिवस हुतं.” कुठलं ते, मी विचारलं. “ते की, तुमच्या टेबलाच्या बाटलीचं. ॲसिड कमी पडलं म्हणून म्या त्यात जुन्या कॅनमधलं वतलं हुतं. त्याच दिवशी सरांना सांगितलं, पोरीचं रीडिंग बरोबर हाय म्हणून. सर म्हणले, ऱ्हाऊ दे आता, मार्क दिल्यात.”

ते सहज बोलून गेले. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मी मान हलवली, त्यांना रिक्षात बसवून दिलं आणि मग हॉलच्या पायरीवर उभी राहिले. माणूस चुकतो हे मला मान्य आहे, सर. त्या क्षणी तुम्हाला खरं माहीत नव्हतं. पण त्याच संध्याकाळी माहीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तुमच्यासमोर पहिल्या बाकावर बसले होते. त्यानंतर दोन वर्षं बसले होते. त्यानंतर तुमच्या शेजारच्या टेबलावर किती वर्षं बसले. “तुझं बरोबर होतं,” एवढं म्हणायला किती वेळ लागतो? टायट्रेशनएवढासुद्धा लागत नाही. तुम्ही टाइल दिलीत. आणि मी ती मिरवली.

म्हणून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम बदलायची वेळ आली आणि विद्यापीठाच्या मंडळावर मला घेतलं, तेव्हा मी ठरवून गेले. मला एकच गोष्ट करायची होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना असा प्रयोग द्यायचा, ज्याचं उत्तर कोणाच्याच कपाटात नाही. मी सुचवलं, प्रत्येकानं आपापल्या घरचं पाणी बाटलीतून आणावं आणि ते किती जड आहे ते काढावं. प्रयोग साधाच आहे. पाण्यात चिमूटभर इंडिकेटर टाकला की ते द्राक्षाच्या रसासारखं लाल होतं, ब्युरेटमधलं द्रावण पुरेसं पडलं की निळं. सोलापुरात पाणी हा काही शिकवायचा विषय नाही, शेंबडं पोरही त्यावर बोलेल. मार्क उत्तराला नाहीत. मार्क जे दिसलं ते तसंच लिहिलं का याला, आणि असं का आलं असेल हे चार वाक्यांत सांगता आलं का याला.

बैठकीत पहिला प्रश्न आला, मॅडम, उत्तरच नसेल तर तपासायचं काय? दुसरा प्रश्नही तोच होता, शब्द वेगळे. कोणी म्हणालं, बाटल्या ठेवायच्या कुठे. कोणी म्हणालं, मुलं घरचं म्हणून मिनरल वॉटर आणतील. माझ्या वयाच्या एका बाई हळूच कानाशी म्हणाल्या, “अगं, तीन वर्षं राहिलीत तुझी. सुखानं जा की.” मी उठून बोलले, आणि कदाचित जरा जास्तच बोलले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, धोरणात ‘अनुभवाधारित’ काहीतरी हवंच आहे, हे त्यात बसतंय, घेऊन टाका. असा माझा प्रयोग मंजूर झाला. त्याची योग्यता कोणाला पटली नव्हती, रकाना भरला होता.

त्याच वर्षी एका तालुक्याच्या कॉलेजात पाहणीला गेले. तिथले प्राध्यापक उत्साहानं मला लॅबमध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात वीस लिटरचा निळा कॅन होता आणि त्यावर मार्करनं लिहिलं होतं, ‘घरचे पाणी’. ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या योजनेप्रमाणे घरचं पाणी तयार करून ठेवलंय. सगळ्यांना सारखं. रीडिंग बारा पॉइंट सहा येतंय, अगदी पक्कं.” मी त्यांना विचारलं, कोणाच्या घरचं? त्यांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, नाही नाही, इथंच बनवलंय, चुना मोजून टाकलाय. परतताना गाडीत मी एकटीच हसले, आणि मग हसू येईना. दिवाळीपर्यंत बाजारात छापील जर्नल आलं. त्यात ‘घरच्या पाण्याचं’ पान होतं, रीडिंगसकट. मधलं बारा पॉइंट पाच.

माझ्या कॉलेजात मी हे होऊ दिलं नाही. मुलांनी खरोखर बाटल्या आणल्या, मी प्रत्येकीवर नाव लिहून घेतलं. आणि त्यात ती होती. शहराच्या पूर्व भागातली मुलगी, घरात तेलुगू बोलतात, वडील सूत रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला. वर्गात ती फार बोलायची नाही, पण तास संपल्यावर दाराशी थांबून एखादा असा प्रश्न विचारायची की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं. रंगाला मीठ का टाकतात, आणि मग आमच्या बोअरचं पाणी आधीच एवढं खारट आहे तर मीठ कमी का लागत नाही? असा प्रश्न मला तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली तेव्हा मी तिला सांगितलं, तू एम.एस्सी.चा फॉर्म भरायचा. ती म्हणाली, बघते मॅडम, वडिलांना विचारते. मी वडिलांना निरोप धाडला. माझ्या नोकरीचं सगळं मिळून काय झालं असं कोणी विचारलं असतं, तर मी तिच्याकडे बोट दाखवलं असतं. पाण्याचा प्रयोग शेवटच्या वर्षालाही जरा वाढवून ठेवला होता, तो खरं तर तिच्यासारख्यांसाठीच.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल परीक्षा झाली. ऊन असं की ब्युरेटचं स्टँड हाताला चटके देत होतं, आणि बर्नर चालू म्हणून पंखे बंद. बाहेरून आलेले परीक्षक अकलूजचे, माझेच जुने विद्यार्थी. चहा आला तसे म्हणाले, मॅडम, चिठ्ठी? मी सांगितलं, चिठ्ठी नाही, प्रत्येकाचं पाणी वेगळं. ते गोंधळले. मग मी काय बघू? मी म्हणाले, “एकाची तीन रीडिंग आपापसात जुळतात का ते बघा. आणि खाली काय लिहिलंय ते वाचा.” हे मी म्हणाले, सर. माझ्या तोंडानं म्हणाले.

टाइल कमी पडत होत्या. मी कपाटातली आपली काढून त्या मुलीच्या फ्लास्कखाली ठेवली. पहिल्यांदाच कोणाला दिली. ती हसली. तासाभरानं परीक्षक तिचा पेपर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, हे बघा, काहीच जुळत नाही. एकवीस पॉइंट सहा, चौदा पॉइंट दोन, सतरा पॉइंट नऊ. मला आधी लाजच वाटली. मी हिची याच माणसाजवळ सकाळी तारीफ केली होती. घाम कपाळावरून डोळ्यांत येत होता, तीन मुलं सही घ्यायला उभी होती, एकाच्या हातून पिपेट फुटली होती. मी लाल पेन काढलं आणि तिन्ही आकड्यांवर एक आडवी रेघ मारली. तिला हाक मारून म्हणाले, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, खाली लिहिलंय.” मी म्हणाले, “वाद नको. जुळवून आण.”

ती उभी राहिली. नवं पान मागून घेतलं. मग गेली. थोड्या वेळानं पेपर आला. चौदा पॉइंट दोन, चौदा पॉइंट एक, चौदा पॉइंट दोन. मधलं पॉइंट एकनं कमी. परीक्षक म्हणाले, हां, आता कसं. आम्ही दोघांनी पूर्ण मार्क दिले.

चार वाजता ते अकलूजच्या गाडीला गेले, मार्कांचा लिफाफा सील झाला, आणि मी पेपरांचा गठ्ठा लावत बसले. तिचं खोडलेलं पान वर आलं. रेघेखाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, “आमच्या घरचं पाणी एक नाही. पहिली बाटली बोअरची, ते वापरायला. दुसरी नळाची, ते चारपाच दिवसांनी येतं, प्यायला आणि डाळीला. तिसरी टँकरची, नळ आला नाही तर. म्हणून तीन पाणी, तीन रीडिंग. वडील म्हणतात पहिल्यात रंग नीट धरत नाही, तिसऱ्यात बरा धरतो. आकडे तसेच आलेत.” एवढंच. मी अभ्यासक्रम लिहिताना ज्या चार वाक्यांची वाट बघत होते, ती हीच. एखाद्या मुलानं कधीतरी लिहावीत म्हणून मी विद्यापीठात भांडले होते. आणि ती माझ्या लाल रेघेच्या दोन बोटं खाली होती.

मला काय टोचलं ते सांगते. आमच्या गावच्या घरातही पाणी एक नव्हतं. मळ्यातल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, म्हणून आई डाळीपुरतं पाणी देवळाजवळच्या आडाचं आणायची. चुलीशी दोन कळशा वेगळ्या असायच्या, आणि मी चुकून भलत्या कळशीतलं घेतलं की डोक्यात टपली बसायची. “डोळं हायत का बटनं?” म्हणायची. तुम्ही डोळे तपासायला सांगितलेत त्याच्या कितीतरी आधी आईनं ते काम केलं होतं. हे मला माहीत होतं. आता मी अशा कॉलनीत राहते जिथे गच्चीवर टाकी आहे, ओट्यावर फिल्टर आहे, तोटी उघडली की पाणी येतं आणि ते एकच असतं. ‘घरचं पाणी’ असं मी एकवचनात लिहून दिलं, मंडळातल्या कोणीही त्यावर शंका घेतली नाही. निळ्या कॅनवाल्या प्राध्यापकाला मी हसले होते. त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय, त्यानं पाणी एक करून ठेवलं, मी ते एकच असणार असं धरून चालले.

लिफाफा फोडता आला असता का? अर्ज करून आला असता. पण फोडून करायचं काय, तिला पूर्ण मार्क होतेच. त्या टेबलाशी बसून मी चक्क मनात म्हणाले, राहू दे आता, मार्क दिलेत. म्हणाले, आणि मग माझ्याच कानाला ते ऐकू आलं.

दोन आठवडे गेले, परवा मी तिच्या घरी गेले. टाइल वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली. बोळात यंत्रमागांचा खडखडाट, आणि नेमका नळाचा दिवस. दारोदार पाइप, बादल्या, बायकांची धावपळ. तिची आई तिच्याशी तेलुगूत काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, बसा मॅडम, पाणी भरायलोय, रागावू नका. मुलगी दोन घागरी घेऊन आत गेली, हात पुसत आली आणि तिनं मला तांब्या दिला. म्हणाली, “घ्या मॅडम. हे प्यायचं आहे, नळाचं.” तिनं ते साधेपणानं सांगितलं, टोमणा नव्हता. मी पाणी प्यायले. वडील आले, नखं निळी, माणूस हसरा. म्हणाले, “हिनं मला इचारलं मॅडम, कुटल्या पाण्यात रंग कसा धरतोय. मी म्हटलं, तुमाला मशिनीत कळतंय, आमाला हाताला कळतंय की. मग? पास का न्हाय पोरगी?” मी म्हणाले, पूर्ण मार्क आहेत. खरंच होतं ते. ते खूश होऊन आत गेले.

मी तिला विचारलं, एम.एस्सी.चा फॉर्म भरलास? ती म्हणाली, नाही मॅडम, बँकेच्या परीक्षेचा क्लास लावते आहे. का, मी विचारलं. आवाज माझा नेहमीचाच होता, वर्गातला, काही केल्या तो बदलत नाही. ती बादलीखालची पाइप सरळ करत म्हणाली, “तिथं उत्तर आधीच ठरलेलं असतंय. चारातलं एक. ते बरं पडतं.” ती माझ्याकडे बघून बोलली नाही, आणि रागानंही बोलली नाही. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

सर, मी वाक्य घरून पाठ करून गेले होते. ‘तुझं बरोबर होतं. मी वाचलं नाही.’ सहा शब्द. मंडळापुढे मी अर्धा तास बोलू शकते. त्या दारात, पाण्याच्या आवाजात, तिच्या आईसमोर, मला ते सहा शब्द बोलता आले नाहीत. मी पिशवीतून टाइल काढली आणि तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, ही कशाला मॅडम? मी म्हणाले, “ठेव. वापर.” तिनं कागद सोडला, टवका उडालेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, थँक्यू मॅडम. मग आईनं हाक मारली, नळ जाईल म्हणून, आणि ती आत गेली. टाइल तिनं पाण्याच्या माठाशेजारी ठेवली.

रिक्षा स्टँडपर्यंत चालत आले तोवर मला कळलं होतं, मी काय करून आले ते. आईला तेव्हाच कळलं होतं. फरशीचा तुकडा. तुम्ही मला तो दिलात तेव्हा तुमच्याही पोटात असेच चारपाच शब्द अडकले असतील, असं आता वाटतं. पण म्हणून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. उलट आज जास्त राग आहे, कारण ते किती सोपं होतं आणि किती जमत नाही, हे दोन्ही आता मला माहीत आहे. तीन वर्षांनी तीच मुलगी बँकेत काउंटरमागे बसेल, चांगलंच करेल, कोणाचं काही अडणार नाही. फक्त ते प्रश्न दाराशी थांबणार नाहीत. अभ्यासक्रम बदलला, प्रयोग बदलला, मार्कांची वाटणी बदलली. लाल पेन ज्याच्या खिशात आहे तो माणूस बदलायचा राहिला, आणि तो रकाना कुठल्याच धोरणात नाही.

एम.एस्सी.च्या फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे. आज बुधवार. तिचं घर मी पाहिलं आहे, तिचा नंबर माझ्या वहीत आहे, तिचं खोडलेलं पान मी परीक्षेच्या नियमाविरुद्ध झेरॉक्स करून ठेवलं आहे आणि ते आत्ता माझ्यासमोर आहे. हे सगळं तिला लिहायला हवं होतं. मला तेही ठाऊक होतं. कागद पुढे ओढला आणि वर ‘सर’ लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.